नोकरीसोबत दुसरे उत्पन्न : संलग्न विपणनाचा हिशेब आणि मर्यादा

महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात जमा होणारे वेतन ही मध्यमवर्गीय कुटुंबाची खरी ठेव होय. घरकर्जाचा हप्ता, मुलांचे शुल्क, आईवडिलांचे औषधपाणी आणि विम्याचा हप्ता या साऱ्यांचा भार त्या एकाच जमेवर असतो. त्यामुळे नोकरी न सोडता उत्पन्नाचा आणखी एक झरा सुरू करता आला तर बरे, असा विचार अनेक घरांत होतो. पूर्वी या विचारातून शिकवणी, शिवणकाम, विमा अथवा अल्पबचत योजनांची एजन्सी असे मार्ग निघत. आता त्यांत आंतरजालावरील एका मार्गाची भर पडली आहे. त्यास व्यवहारात ‘ॲफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात आणि मराठीत संलग्न विपणन म्हणता येईल.

या मार्गाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते झोपेतही पैसा मिळवून देणारी ती कामधेनू आहे, तर काहींच्या मते ती निव्वळ फसवणूक आहे. वास्तव या दोहोंच्या मध्ये आहे. हा एक वैध, पण संथ आणि अनिश्चित व्यवसाय आहे. त्यात उतरण्यापूर्वी त्याची कार्यपद्धती, त्यातील हिशेब, नोकरीच्या अटी आणि कायद्याची बंधने समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याच क्रमाने विचार केला आहे.

संकल्पना जुनी, साधन नवे

दुसऱ्याचा माल तिसऱ्यास मिळवून द्यावा आणि झालेल्या विक्रीवर ठरलेला हिस्सा घ्यावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. बाजार समितीतील अडत्या, घरांच्या व्यवहारातील मध्यस्थ आणि विमा प्रतिनिधी हे सारे याच तत्त्वावर काम करतात. मालाची मालकी त्यांच्याकडे नसते, साठा करावा लागत नाही आणि विक्री झाली तरच मोबदला मिळतो.

संलग्न विपणनात मध्यस्थाची जागा आंतरजालावरील एक दुवा, म्हणजेच लिंक, घेते. विक्रेता प्रत्येक नोंदणीकृत संलग्न व्यक्तीस स्वतंत्र सांकेतिक खूण असलेला दुवा देतो. ती व्यक्ती एखाद्या वस्तूविषयी लेख लिहिते किंवा चित्रफीत तयार करते आणि सोबत तो दुवा देते. वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन खरेदी केली, की खुणेवरून विक्रीची नोंद होते आणि ठरलेल्या दराने कमिशन जमा होते. ग्राहकास यासाठी सामान्यतः वेगळी किंमत मोजावी लागत नाही. हा खर्च विक्रेत्याच्या जाहिरात खर्चातून होतो.

या पद्धतीचा इतिहास तीन दशकांचा आहे. अमेरिकेतील सीडीनाऊ या संगीतविक्री संस्थेने नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘बायवेब’ नावाने असा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ या तंत्राचा वापर न्याहाळकात आणला, आणि एखादा ग्राहक कोणाच्या दुव्यावरून आला हे लक्षात ठेवणे पुढे सोपे झाले. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने आपला ‘असोसिएट्स’ कार्यक्रम सुरू केला. तेव्हा ती केवळ पुस्तके विकणारी संस्था होती. ॲमेझॉनची भारतीय बाजारपेठ जून २०१३ मध्ये सुरू झाली.

चांगल्या कामातून मोठा व्यवसायही उभा राहू शकतो. ‘वायरकटर’ हे वस्तूंची पारख करणारे अमेरिकी संकेतस्थळ २०११ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्य उत्पन्न संलग्न कमिशनचे होते. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतले. प्रत्येक प्रकारातील अनेक वस्तू प्रत्यक्ष वापरून मोजक्याच वस्तूंची शिफारस करणे, ही त्याची रीत होती. मात्र हे पूर्णवेळ काम करणाऱ्या चमूचे यश आहे. नोकरदाराने त्यातून पद्धत घ्यावी, आकड्याची अपेक्षा ठेवू नये.

दुव्यापासून बँक खात्यापर्यंत

दुव्यावर बोट पडले म्हणजे पैसे मिळाले, असा समज चुकीचा आहे. मधल्या प्रत्येक टप्प्यावर काही गळती होते.

पहिला टप्पा मुदतीचा. दुव्यावरून आलेल्या ग्राहकाची नोंद ठरावीक काळच टिकते. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात ही मुदत साधारणतः २४ तासांची असते. त्या अवधीत वस्तू टोपलीत टाकली गेली असल्यास ती काहीशी लांबते. अन्य कार्यक्रमांत हा काळ काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा असू शकतो. ज्या वस्तू लोक चार दिवस विचार करून घेतात, त्यांच्याबाबतीत लहान मुदत बरीच महाग पडते.

दुसरा टप्पा श्रेयाचा. ग्राहक खरेदीपूर्वी दोन-तीन ठिकाणी वाचन करतो. बहुतेक कार्यक्रमांत शेवटचा दुवा ज्याचा, त्यालाच संपूर्ण कमिशन मिळते. सविस्तर माहिती एकाने द्यावी आणि सवलतीचा संकेतांक देणाऱ्या दुसऱ्याने श्रेय घेऊन जावे, असे पुष्कळदा घडते.

तिसरा टप्पा परताव्याचा. मागणी रद्द झाली किंवा वस्तू परत गेली, तर त्यावरील कमिशनही रद्द होते. कपडे आणि पादत्राणे यांत परत जाणाऱ्या वस्तूंचे प्रमाण अधिक असते, हे विषय निवडताना ध्यानात घ्यावे.

चौथा टप्पा प्रतीक्षेचा. परताव्याची मुदत संपेपर्यंत कमिशन ‘प्रलंबित’ राहते. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात महिना संपल्यानंतर साधारणतः ६० दिवसांनी रक्कम अदा होते. म्हणजे दिवाळीच्या खरेदीचे कमिशन खात्यात येईपर्यंत संक्रांत उजाडते. शिवाय नोंदणी कायम होण्यासाठी १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात आणि स्वतःच्याच दुव्यावरून केलेली स्वतःची खरेदी त्यात धरली जात नाही.

पाचवी बाब दराची. दर ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी विक्रेत्याचा असतो. २१ एप्रिल २०२० पासून ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि गृहसुधारणा या गटाचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर, तर किराणा गटाचा ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणला. ज्यांचे सारे उत्पन्न या एकाच स्रोतावर होते, त्यांचे उत्पन्न एका सूचनेने निम्म्याहून कमी झाले. वेतनाची जागा हे उत्पन्न घेऊ शकत नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

विषयाची निवड : घरघंटीचे उदाहरण

नवोदित व्यक्ती बहुधा मोबाइल संचापासून सुरुवात करते. त्या विषयावर आधीच असंख्य लेख आणि चित्रफिती आहेत, संचाचे आयुष्य लहान असते आणि कमिशनचा दरही कमी असतो. याउलट ज्या वस्तूविषयी मराठीत नीट माहिती सापडत नाही, पण लोक शोधत असतात, असा छोटा विषय घेणे हितावह ठरते. मराठीत शोध घेणारा वाचक केवळ महाराष्ट्रातच नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी घरांतूनही तो असतो.

उदाहरणादाखल घरगुती पिठाची गिरणी, म्हणजेच घरघंटी हा विषय घेऊ. खरेदीपूर्वी गृहिणीच्या मनात नेमके प्रश्न असतात. ज्वारी-बाजरीचे पीठ भाकरीस योग्य असे निघते का? चकलीची आणि थालीपिठाची भाजणी दळता येते का? कोणत्या धान्यास कोणती जाळी? शेंगदाणे किंवा तीळ यांसारखे तेलकट पदार्थ का घालू नयेत? आवाज किती होतो, सफाईस किती वेळ लागतो, दुरुस्ती करणारा कारागीर गावात मिळतो का? वीज किती लागते? एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणून तेवढ्या क्षमतेची मोटर पूर्ण भाराने तासभर चालल्यास सुमारे पाऊण युनिट वीज खर्च होते. या प्रश्नांची अनुभवातून आलेली उत्तरे देणारा एक लेख हा वस्तूच्या पाकिटावरील मजकूर उतरवून काढलेल्या पन्नास लेखांपेक्षा अधिक उपयोगी असतो.

येथेच या व्यवसायातील खरी कसोटी लागते. समजा, घरघंटीची किंमत १५,००० रुपये आहे, एका कुटुंबास महिन्याला २० किलो दळण लागते आणि कोपऱ्यावरचा गिरणीवाला किलोस ८ रुपये घेतो. म्हणजे महिन्याचा खर्च १६० रुपये. विजेचा आणि देखभालीचा खर्च बाजूला ठेवला, तरी यंत्राची किंमत वसूल होण्यास जवळजवळ ९४ महिने, म्हणजे पावणेआठ वर्षांहून अधिक काळ लागेल. केवळ बचतीसाठी घेणाऱ्या लहान कुटुंबास ‘घेऊ नका’ हाच योग्य सल्ला ठरतो. पण ५ टक्के दराने लेखकाचे ७५० रुपये कमिशन ‘घ्या’ या शब्दावर अवलंबून असते.

ज्येष्ठांना ओझे उचलणे जमत नाही, घरात गव्हाचा त्रास असणारी व्यक्ती आहे, गिरणी दूर आहे किंवा पीठ विकण्याचा घरगुती उद्योग आहे, अशा कारणांसाठी तीच घरघंटी उत्तम खरेदी ठरू शकते. हा भेद लेखात स्पष्ट मांडणाऱ्याच्या काही विक्री हातच्या जातात, हे खरे. परंतु ज्या वाचकाचे १५,००० रुपये वाचले, तो पुढील खरेदीच्या वेळी त्याच ठिकाणी परत येतो. पतपुरवठा असो वा शिफारस, विश्वास हेच भांडवल असते आणि ते एकदा बुडाले की वसूल होत नाही.

आकड्यांच्या आरशात

आता हिशेबाकडे वळू. पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. वाचकाने आपले आकडे घालून हेच गणित करून पाहावे.

• महिन्यातील वाचक : ५,०००
• दुव्यावर जाणारे, १०० पैकी ६ : ३००
• त्यांपैकी खरेदी करणारे, १०० पैकी ३ : ९
• रद्द अथवा परत झालेल्या मागण्या : २
• कायम राहिलेली विक्री : ७
• सरासरी २,००० रुपयांप्रमाणे उलाढाल : १४,००० रुपये
• ५ टक्के दराने कमिशन : ७०० रुपये
• संकेतस्थळाचा खर्च, वर्षास ४,२०० रुपये, म्हणजे महिन्यास : ३५० रुपये
• निव्वळ शिल्लक : ३५० रुपये

रोज रात्री आणि सुटीच्या दिवशी मिळून महिन्याला ४० तास दिले, तर तासाची मिळकत पावणेनऊ रुपये पडते. एवढी वाचकसंख्याही पहिल्या महिन्यात मिळत नाही. ती जमण्यास बहुधा अनेक महिने जातात.

आता समजा, दीड-दोन वर्षांच्या सातत्याने वाचक आठपट, म्हणजे ४०,००० झाले आणि अन्य प्रमाण तेच राहिले. कमिशन ५,६०० रुपये होईल. खर्च वाढून महिन्यास १,००० रुपये धरला, तर ४,६०० रुपये उरतील. नोकरदार २० टक्क्यांच्या कर टप्प्यात असल्यास ४ टक्के उपकरासह सुमारे ९५७ रुपये कर लागेल आणि हाती ३,६४३ रुपये राहतील. तासाची मिळकत सुमारे ९१ रुपये होते.

या दोन चित्रांतून निघणारा निष्कर्ष निराशाजनक नाही, पण सावध करणारा निश्चितच आहे. महिन्याला साडेतीन हजार रुपये नियमितपणे आवर्ती ठेवीत अथवा म्युच्युअल फंडाच्या मासिक योजनेत गेले, तर दहा-पंधरा वर्षांत त्यांचे मोल मोठे होते. मात्र तेवढ्यासाठी वैयक्तिक कर्ज काढणे, क्रेडिट कार्डावर महागडे प्रशिक्षण घेणे किंवा या उत्पन्नाच्या भरवशावर नवा हप्ता अंगावर घेणे हे शहाणपणाचे नाही. ज्या उत्पन्नाचा दर दुसरा ठरवतो, त्यावर स्थिर देणे उभारू नये.

नोकरीच्या अटी : आधी वाचावे, मग लिहावे

दुसऱ्या उत्पन्नाच्या उत्साहात पहिले उत्पन्न धोक्यात येऊ नये, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ लागू आहेत. त्यातील नियम १५ नुसार पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणताही व्यापार अथवा व्यवसाय करता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांसाठीही स्वतंत्र आचरण विनियम आहेत. त्यांतही अशीच बंधने आहेत. कमिशन नियमितपणे मिळविणे हा व्यवसायच होय. तो मोबाइलवर, घरी बसून आणि रात्री केला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

मग पत्नीच्या किंवा पतीच्या नावे सुरू करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. कुटुंबातील व्यक्तीस स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यास हरकत नसते. परंतु केंद्रीय नियमांनुसार कुटुंबीय व्यापार करीत असल्यास अथवा विमा वा कमिशन एजन्सी चालवीत असल्यास तसे कळवावे लागते आणि अशा एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने स्वतः प्रचार करणे हा नियमभंग मानला जातो. म्हणजे जोडीदाराचा दुवा कार्यालयातील सहकाऱ्यांच्या गटात पाठविणे हेदेखील अंगाशी येऊ शकते. शिवाय काम एकाचे आणि उत्पन्न दुसऱ्याच्या नावे, ही मांडणी आयकराच्या दृष्टीनेही टिकत नाही.

बँक कर्मचाऱ्यांसाठी यात आणखी एक पदर आहे. ज्या ग्राहकाची आर्थिक माहिती कामानिमित्त समोर येते, त्याच ग्राहकास एखाद्या कार्डाचा, कर्जाचा किंवा गुंतवणुकीचा खासगी दुवा देणे हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे. त्यास परवानगीची वाट काढता येत नाही; ते करूच नये.

खासगी नोकरीत नेमणूकपत्र आणि आचारसंहिता तपासावी. ‘पूर्ण वेळ सेवा’, ‘अन्य व्यवसायास मनाई’, ‘कामकाळात निर्माण झालेल्या साहित्यावरील हक्क’ या कलमांकडे विशेष लक्ष द्यावे. शंका असल्यास मनुष्यबळ विभागाकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे. कार्यालयाचा संगणक, वेळ आणि ग्राहकांची यादी यांचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

कराचे गणित

कमिशनची रक्कम लहान असली तरी ती करपात्र उत्पन्नात धरावी लागते. भारतातील निवासी व्यक्तीस मिळणाऱ्या कमिशनवर देणारी संस्था सामान्यतः उगमस्थानी करकपात करते. १ ऑक्टोबर २०२४ पासून या कपातीचा दर ५ वरून २ टक्के झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून वार्षिक मर्यादा १५,००० वरून २०,००० रुपये झाली. पूर्वी ही तरतूद १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १९४एच मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून अमलात असलेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये करकपातीच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. कपात झाली नाही म्हणजे कर नाही, असा अर्थ मात्र होत नाही. कपात झालेल्या रकमेची नोंद वार्षिक माहिती विवरणात आपोआप दिसते, त्यामुळे ती विवरणपत्रात न दाखविल्यास नोटीस येऊ शकते.

नियमित कमिशन हे व्यवसायातील उत्पन्न ठरते. त्याचे काही परिणाम नोकरदाराने जाणून घ्यावेत.

पहिला परिणाम असा, की आयटीआर-१ हा सोपा नमुना भरता येत नाही. आयटीआर-३ भरावा लागतो. लहान व्यावसायिकांसाठी असलेली अनुमानित कर योजना कमिशन उत्पन्नास मिळत नाही. म्हणून जमा-खर्चाची वही ठेवावी. संकेतस्थळाचे शुल्क, कामापुरता आंतरजालाचा खर्च यांसारखे खर्च पावत्या असतील तर वजा करता येतात.

दुसरा परिणाम करप्रणालीच्या निवडीबाबत आहे. केवळ वेतन असणाऱ्यास जुनी की नवी प्रणाली हे दरवर्षी ठरविता येते. व्यवसाय उत्पन्न असणाऱ्यास नव्या प्रणालीतून बाहेर पडण्यासाठी मुदतीत विहित अर्ज करावा लागतो आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर, व्यवसाय उत्पन्न सुरू असेपर्यंत पुन्हा जुनी प्रणाली घेता येत नाही. घरकर्जाचे व्याज आणि कलम ८०सी यांवर विसंबून असणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच तपासावी.

तिसरा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. समजा, प्रमाणित वजावटीनंतर एखाद्याचे वेतन उत्पन्न ११,९०,००० रुपये आहे आणि संलग्न विपणनातून त्यास निव्वळ ४०,००० रुपये मिळाले. एकूण उत्पन्न १२,३०,००० रुपये झाले. सीमांत सवलतीमुळे कर १२ लाखांवरील रकमेइतका, म्हणजे ३०,००० रुपयांपुरता मर्यादित राहतो. उपकरासह तो ३१,२०० रुपये होतो. वर्षभराच्या जागरणानंतर ४०,००० पैकी हाती केवळ ८,८०० रुपये उरतात. मिळकत कोणत्या उंबरठ्यावर येते, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

चौथी बाब अग्रिम कराची. करकपात वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असल्यास १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांपर्यंत अनुक्रमे एकूण १५, ४५, ७५ आणि १०० टक्के कर भरावा लागतो. अन्यथा व्याज पडते. अन्य उत्पन्नाची माहिती मालकास देऊन वेतनातूनच जादा करकपात करून घेणे हा सोपा पर्याय आहे. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांसाठी सामान्यतः वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर, तर काही विशेष राज्यांत १० लाखांनंतर आवश्यक ठरते. रक्कम वाढू लागल्यास सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

या उत्पन्नासाठी वेतन खात्याहून वेगळे खाते ठेवावे. वर्षअखेरीस हिशेब काढणे सोपे जाते आणि खरोखर किती उरले हे डोळ्यांना दिसते. व्यवहार व्यावसायिक स्वरूपात वाढल्यास चालू खात्याबाबत शाखेत विचारणा करावी.

शिफारशीची जबाबदारी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केवळ उत्पादकावरच नव्हे, तर शिफारस करणाऱ्यावरही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आणि ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका यांनुसार आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक आहे. हा उल्लेख सहज दिसेल अशा जागी, सोप्या शब्दांत आणि शिफारशीच्याच भाषेत असावा. ‘या दुव्यावरून खरेदी झाल्यास लेखकास कमिशन मिळते’ हे एक वाक्य लेखाच्या आरंभी लिहिण्याने काही बिघडत नाही.

गुंतवणूक, विमा आणि कर्ज या विषयांपासून नवोदितांनी दूर राहावे हे उत्तम. विमा विकण्यास परवाना लागतो. गुंतवणुकीचा सल्ला देण्यास सेबीची नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने नोंदणीकृत संस्थांना, नोंदणीविना सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास मनाई केली.

खोट्या नोंदींचा मोह तर निषिद्धच समजावा. वाचकाने दुवा दाबलेला नसताना त्याच्या संगणकात गुपचूप कुकी पेरून ईबेकडून कमिशन उकळणाऱ्या दोघांना अमेरिकेत २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. संगणकावर केलेली लबाडी ही लबाडीच असते.

खरा व्यवसाय आणि सोंग

संलग्न विपणनाचे नाव घेऊन चालणारी फसवणूक ही बँकांच्या शाखांत वारंवार येणारी तक्रार आहे. तिचा साचा ठरलेला असतो. ‘घरबसल्या काम’ असा निरोप येतो. चित्रफितीस पसंती देणे, हॉटेलास तारे देणे अशा किरकोळ कामाचे शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. विश्वास बसला की ‘प्रीपेड काम’ सुरू होते. आधी पैसे भरा, मग कमिशनसह परत घ्या. पडद्यावरील शिल्लक वाढत जाते, पण काढू गेल्यास ‘कर’, ‘शुल्क’, ‘खाते मोकळे करणे’ या नावांखाली आणखी रक्कम मागितली जाते. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या अशा फसवणुकीशी संबंधित १०० हून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले होते.

खरे आणि खोटे ओळखण्यासाठी पुढील कसोट्या पुरेशा आहेत.

• खऱ्या कार्यक्रमात पैसा विक्रेत्याकडून संलग्न व्यक्तीकडे येतो. काम मिळविण्यासाठी पैसा भरावा लागत असेल, तर तेथेच थांबावे.
• मोबदला वस्तूच्या विक्रीवर मिळतो. नवे सभासद जोडण्यावर मिळत असेल, तर ती साखळी योजना असण्याची शक्यता आहे. चलन-प्रसार योजनांवर १९७८ च्या अधिनियमाने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या आहेत.
• हमखास उत्पन्नाचे वचन खरा विक्रेता देत नाही.
• ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन कापून पुढे पाठवा’ हे संलग्न विपणन नव्हे. ते खाते भाड्याने देणे होय. अशा खात्यातून फसवणुकीची रक्कम फिरल्यास खाते गोठविले जाते आणि खातेदारावर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

रक्कम गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर नोंद करावी आणि शाखेस कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. लाजेपोटी घालविलेला दिवस पुष्कळदा सर्वांत महाग ठरतो.

पहिल्या वर्षाचा आराखडा

ज्यांना नियमांची आडकाठी नाही आणि ज्यांची लिहिण्याची वा समजावून सांगण्याची हौस आहे, त्यांनी पहिले वर्ष पुढीलप्रमाणे आखावे.

पहिला महिना : नोकरीच्या अटी तपासाव्यात, लेखी परवानगी घ्यावी, वेगळे खाते आणि जमा-खर्चाची वही सुरू करावी. वर्षभराच्या खर्चाची कमाल मर्यादा ठरवावी आणि ती आपत्कालीन निधीस हात न लावता बाजूला काढावी.

दुसरा ते चौथा महिना : एकच विषय निवडून, स्वतः वापरलेल्या वस्तूंवर दहा-बारा सविस्तर लेख तयार करावेत. या काळात उत्पन्न शून्य धरावे.

पाचवा ते नववा महिना : वाचकांच्या प्रश्नांवरून लेख सुधारावेत. एकाच विक्रेत्यावर विसंबून न राहता दोन-तीन कार्यक्रमांत नोंदणी करावी. प्रत्येक कराराच्या अटी, विशेषतः दुवा कोठे देण्यास मनाई आहे, ते वाचावे.

दहावा ते बारावा महिना : तासांची नोंद, खर्च आणि प्रत्यक्ष जमा रक्कम यांचा ताळमेळ घालावा. तासाची मिळकत वाढत असेल तर काम सुरू ठेवावे. वाढत नसेल, तर तोच वेळ पदोन्नतीच्या परीक्षेस, व्यावसायिक पात्रतेस किंवा कुटुंबास देणे अधिक लाभाचे ठरेल. थांबण्याची तारीख आधी ठरविणे हादेखील नियोजनाचाच भाग आहे.

समारोप

संलग्न विपणन हे ना चमत्कार, ना भूलथाप. मालाऐवजी माहिती आणि दुकानाऐवजी विश्वास मांडून बसण्याचा तो एक व्यापार आहे. त्यात भांडवल कमी लागते, म्हणून जोखीम नाही असे नव्हे. तेथे गुंतविलेली वस्तू म्हणजे नोकरदाराचा उरलेला वेळ, त्याचे नाव आणि प्रसंगी त्याची नोकरी. या तिन्हींची किंमत हिशेबात धरल्यानंतरही शिल्लक उरत असेल, तर हा मार्ग जरूर अवलंबावा. आलेली रक्कम घरखर्चात विरून जाऊ न देता कर्जाच्या मुद्दलाकडे अथवा दीर्घ मुदतीच्या बचतीकडे वळवावी. असे केले, तरच दुसऱ्या उत्पन्नाचा कुटुंबास खरा आधार होईल.